समाजमाध्यमे आणि वैद्याचा जनसंपर्क

गेल्या वर्षी चैत्रातील एका बाजाराच्या दिवशी सुप्याच्या जिराईत पट्ट्यातील एका वाडीहून एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन माझ्या दवाखान्यात आली. वय सत्तरीच्या आसपास, बारा-तेरा वर्षांचा मधुमेह, बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नियमित चालू. परंतु सव्वा महिन्यापासून त्या गोळ्या बंद होत्या. तोंडास कोरड, रात्रीतून पाच-सहा वेळा उठणे आणि पायाच्या अंगठ्याशी न भरणारी जखम अशी लक्षणे होती. रक्तशर्करा चारशेच्या वर निघाली. गोळ्या का बंद केल्या असे विचारताच सुनेने पिशवीतून फोन काढला आणि एक चित्रफीत लावून माझ्यासमोर धरली. पांढरा सदरा, कपाळी गंध, पाठीमागे धन्वंतरीची तसबीर आणि पुढ्यात खलबत्ता, अशा थाटात बसलेला एक इसम अमुक चूर्ण एकवीस दिवस घ्या, गोळ्या कायमच्या सुटतील, असे शांत स्वरात सांगत होता. चूर्ण मागविण्यासाठी खाली दूरध्वनी क्रमांक दिलेला होता. त्या गृहस्थांना मी त्याच दिवशी बारामतीस पाठविले. उपचार वेळेवर झाल्याने अंगठा वाचला. मात्र निघताना सुनेने विचारले, "डॉक्टर, ते तुमच्यातलेच होते ना?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी नीट देता आले नाही. तो इसम नोंदणीकृत वैद्य आहे की नाही हे मला ठाऊक नव्हते, आणि त्या बाईंनाही ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या दृष्टीने आयुर्वेद बोलणारा प्रत्येक मनुष्य आमच्यातलाच. आपल्या व्यवसायाची प्रतिमा आता आपल्या दवाखान्यात अथवा रसशाळेत घडत नसून अनोळखी माणसांच्या हातातील फोनवर घडत आहे, ही गोष्ट या प्रसंगाने माझ्यापुरती तरी स्पष्ट झाली. जाहिरात आणि जनसंपर्क यांचे स्वरूप ब्लॉग व समाजमाध्यमांनी कसे पालटले, त्यात आपण कोठे उभे आहोत आणि कायद्याची मर्यादा कोठे येते, याचा विचार वैद्य व औषधनिर्माते या दोहोंच्या दृष्टीने करण्याचा हा प्रयत्न आहे.

जाहिरात आणि जनसंपर्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. पैसे देऊन जागा विकत घेऊन आपण आपल्याविषयी जे सांगतो ती जाहिरात होय. आपल्याविषयी दुसरे लोक जे बोलतात, ते चांगले व खरे असावे यासाठी केलेली खटपट म्हणजे जनसंपर्क. वैद्याचा व्यवसाय परंपरेने दुसऱ्या प्रकारावरच चालत आला. गुण आला की रोगी चार जणांना सांगे, त्यातले दोघे येत. दवाखान्याची पाटी केवळ पत्ता सांगण्यापुरती असे.

तोंडी पसरणाऱ्या बातमीच्या बळाची ओळख आमच्या सुप्याला जुनी आहे. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी कुणब्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला आणि ती वार्ता गावोगाव पोहोचली. पुढे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यास जमावाने सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून कर्जरोखे व वह्या जाळल्या. इतिहासात ज्यास दख्खनचे दंगे म्हणतात त्यांचा आरंभ येथून झाला. अल्पावधीतच त्यांचे लोण भीमथडी तालुक्यातील इतर गावांत व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गेले. त्या काळी खेड्यातील बहुसंख्य माणसांना वाचता येत नव्हते. बाजारास आलेला मनुष्य गावी परतला की बातमी पोहोचे. येथे सावकारांचा वा कुणब्यांचा न्याय करण्याचा हेतू नाही. बाजारातून वार्ता किती वेगाने जाते, एवढेच सांगावयाचे आहे. आज तोच बाजार प्रत्येकाच्या खिशात भरलेला आहे आणि तो रात्रीही उठत नाही.

औषधनिर्मात्यांचा मार्ग मात्र निराळा होता. पनवेलचे श्री धूतपापेश्वर १८७२ मधील, सांडू यांचा कारखाना १८९९ मधील. 'केसरी' १८८१ मध्ये निघाला. पुढील काळात मराठी वृत्तपत्रे, मासिके, पंचांगे आणि दिवाळी अंक यांच्या पानांवर काढे, आसवे व भस्मे यांच्या जाहिराती नित्याच्या झाल्या. १९५२ मध्ये सुरू झालेल्या विको कंपनीने तर चित्रपटगृहे आणि दूरदर्शन यांच्याद्वारे आयुर्वेदिक दंतचूर्णाचे नाव घरोघरी नेले. या सर्व जाहिरातींत एक समान गोष्ट होती. पैसे कोणी दिले हे वाचकास दिसत असे. चौकटीत छापलेला मजकूर जाहिरात आहे आणि चौकटीबाहेरचा बातमी आहे, हे शेंबड्या पोरासही कळे.

ती चौकट प्रथम ब्लॉगने पुसट केली. युनिकोडमुळे संगणकावर देवनागरी लिहिणे सुकर झाल्यावर, म्हणजे २००४-०५ च्या सुमारापासून, मराठीत ब्लॉगलेखन वाढू लागले. कोणी त्यास अनुदिनी म्हणत, कोणी जालनिशी. वृत्तपत्राच्या संपादकाची संमती न घेता कोणासही आपला लेख हजारो लोकांपुढे ठेवता येऊ लागला आणि वाचकास तेथल्या तेथे उत्तर देता येऊ लागले. आपल्यापैकी काही वैद्यांनी त्या काळी ऋतुचर्या, पथ्यापथ्य, पाकक्रिया यांवर उत्तम लेखन केले. तथापि त्याच मार्गाने 'माझा अनुभव' या नावाखाली उत्पादनांची भलामणही येऊ लागली. अनुभव सांगणाऱ्यास उत्पादकाकडून काही मिळाले होते किंवा कसे, हे वाचकास कळण्याचा मार्ग उरला नाही.

पुढची गती सर्वांच्या परिचयाची आहे. फेसबुक २००४ मधील, यूट्यूब २००५ मधील, व्हॉट्सअॅप २००९ मधील, इन्स्टाग्राम २०१० मधील. परंतु आमच्या भागात खरा पालट झाला तो सप्टेंबर २०१६ नंतर, जिओच्या आगमनाने इंटरनेट स्वस्त झाल्यावर. त्यापूर्वी ज्यांना चार ओळींचा लेख वाचावयाचा कंटाळा होता, ते आता मेंढरे राखताना तासभर चित्रफिती पाहू लागले. ब्लॉग वाचण्यासाठी साक्षरता लागत असे. चित्रफितीस तीही लागत नाही. मधुमेह झालेल्या त्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते.

या माध्यमांची यंत्रणा कशी चालते, हे आपण नीट समजून घेत नाही. कोणती चित्रफीत कोणाच्या फोनवर आधी दाखवावयाची हे माणूस ठरवीत नाही. मागील चित्रफितीवर पाहणारा किती वेळ थांबला, ती त्याने कोणास धाडली, खाली काही लिहिले किंवा कसे, यावरून संगणकीय गणित ते ठरविते. मजकूर खरा की खोटा, याची पारख त्या गणितात जवळजवळ नाहीच. 'प्रकृती पाहून, अग्निबल पाहून औषध ठरवावे लागते' असे सांगणाऱ्या वैद्यापाशी कोणी थांबत नाही. 'एकवीस दिवसांत' असे म्हणणाऱ्यापाशी थांबतो. म्हणजे ज्या सावधपणामुळे आपण चांगले वैद्य ठरतो, तोच सावधपणा या माध्यमात आपल्याला मागे ढकलतो. हा आपल्या व्यवसायापुढील खरा पेच आहे, आणि 'आपणही चित्रफिती काढाव्यात' एवढ्या उपदेशाने तो सुटत नाही.

अशा वैद्यांचे वर्णन चरकसंहितेत आधीच येऊन गेले आहे. सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या, दशप्राणायतनीय अध्यायात प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे वैद्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. त्यातील रोगाभिसराची वागणूक वाचून पाहावी. कोणी आजारी असल्याचे कानी येताच तो तेथे धावतो, रोग्याला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःच्या गुणांचा पाढा वाचतो, चालू असलेल्या उपचारांतील दोष पुनःपुन्हा दाखवितो, रोग्याच्या आप्तेष्टांस गोड बोलून आपलेसे करतो आणि आपल्याला मोबदल्याची फारशी इच्छा नाही असे भासवितो. फोनवरील त्या इसमाने यातील एकही गोष्ट सोडलेली नव्हती. त्या काळी रोगाभिसरास प्रत्येक दारी पायी जावे लागे, एवढाच काय तो फरक.

गुळवेलीचे प्रकरण

समाजमाध्यमांतील वादात आपली बाजू कशी लंगडी पडते, हे समजण्यास गुळवेलीचे उदाहरण पुरेसे आहे. कोविडच्या साथीत २०२० मध्ये रोगप्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी गुळवेलीचा काढा घ्या, असा संदेश घरोघरी फिरला. आमच्याकडे कडुनिंबावरच्या आणि कुंपणांवरच्या वेली लोकांनी मुळापासून ओढून नेल्या. मात्रा किती, किती दिवस, कोणी घेऊ नये, यांपैकी काहीही त्या संदेशांत नव्हते. वेल कोणती हेही कोणी ओळखून पाहत नव्हते. आयुष मंत्रालयाने १ एप्रिल २०२० रोजीच कोविडच्या उपचारांचे दावे करणाऱ्या जाहिराती रोखण्याविषयी राज्यांना कळविले होते. परंतु जाहिरात रोखता येते. मावशीने भाच्याला पाठविलेला संदेश कोण रोखणार?

पुढे मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात आढळलेल्या सहा रुग्णांविषयीचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. गुळवेलीच्या सेवनानंतर या रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे व त्यात स्वयंप्रतिकारजन्य यकृतदाहासारखी लक्षणे दिसल्याचे त्यांचे म्हणणे होते. जुलै २०२१ मध्ये मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती याची खातरजमा झालेली नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या दिसायला सारख्या वेलीशी गल्लत होऊ शकते, असे मंत्रालयाने म्हटले. २०२२ मध्ये अनेक रुग्णालयांतील त्रेचाळीस रुग्णांची माहिती एकत्र करणारा दुसरा निबंध आला.

यानंतर समाजमाध्यमांवर जे झाले ते आपण सर्वांनी पाहिले. एका बाजूने 'आयुर्वेद म्हणजे विष' आणि दुसऱ्या बाजूने 'हे विदेशी औषध कंपन्यांचे कारस्थान' अशा दोनच घोषणा ऐकू येत होत्या. आपल्या शास्त्राच्या दृष्टीने विचारावयाचे प्रश्न वेगळेच होते. द्रव्य कोणते? ताजे की सुके? मात्रा किती? किती काळ? रुग्णास पूर्वीचा यकृतविकार किंवा स्वयंप्रतिकाराचा विकार होता काय? हे प्रश्न विचारणारे वैद्य होते, परंतु त्यांचे म्हणणे सावकाश व लांब असल्याने कोणाच्या फोनवर पोहोचले नाही. मी स्वतः त्या दिवसांत एका गटात दोन घोषणांपैकी एक पुढे पाठविली होती, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. पुढे पाठविणे फार सोपे असते.

याहून मोठी चूक माझ्याच हातून झाली आहे. काही वर्षांपूर्वी गावच्या एका व्हॉट्सअॅप गटात मलावरोधावर एरंडेलाविषयी मी दोन संदेश लिहिले. पहिल्यात वृद्धांना कोमट पाण्यासोबत किती द्यावे हे होते. लहान मुले, गर्भिणी आणि पोटात तीव्र वेदना असलेले रुग्ण यांना देऊ नये, ही सूचना दुसऱ्यात होती. गटातील कोणी तरी पहिला संदेश पुढे पाठविला, दुसरा तेथेच राहिला. तो फिरत फिरत एका आईकडे गेला आणि तिने तीन वर्षांच्या मुलास तीच मात्रा दिली. मुलाला जुलाब होऊन अंगातील पाणी कमी झाले. शिरेतून सलाईन द्यावे लागले. मूल दोन दिवसांत बरे झाले. संदेशाखाली माझे नाव होते म्हणूनच ती आई विश्वासाने वागली, हे तिने मला दोष न देता सांगितले. त्या दिवसापासून फोनवरील सार्वजनिक लेखनात मी मात्रा लिहीत नाही. सावधगिरीची सूचना द्यावयाची असेल तर ती मूळ वाक्यातच गुंफतो, म्हणजे एक तोडून दुसरे पाठविता येत नाही.

पुढे धाडलेल्या मजकुराने काय होऊ शकते याचे महाराष्ट्रातील सर्वांत भीषण उदाहरण धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचे आहे. मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी तेथे जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. औषधांचे संदेश इतके रक्तरंजित नसतात. त्यांची इजा घरात, सावकाश आणि बातमी न होता घडते.

कायदा काय म्हणतो

आपल्यापैकी पुष्कळांचा असा समज आहे की फोनवर लिहिणे म्हणजे गप्पा, जाहिरात नव्हे. हा समज चुकीचा आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा केंद्रीय कायदा पाहावा. त्यात जाहिरातीची व्याख्या सूचना, परिपत्रक, चिठ्ठी, वेष्टन यांपुरती न ठेवता तोंडी घोषणेचा आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेल्या घोषणेचाही समावेश केला आहे. धुराची आठवण ठेवणाऱ्या विधिज्ञांना इन्स्टाग्राम ठाऊक नव्हते. परंतु फोनचा पडदा हा प्रकाश आणि ध्वनी यांचाच खेळ असल्याने तो या व्याख्येबाहेर राहील असे मला वाटत नाही.

या कायद्याच्या अनुसूचीत ५४ विकार आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार, हृद्रोग, उच्च व नीच रक्तदाब, स्थूलता, आमवातासारखे सांध्यांचे विकार, पक्षाघात, मासिक पाळीच्या तक्रारी, स्त्रियांचे वंध्यत्व, पुरुषांचे नपुंसकत्व, पांढरे कोड, पित्ताशय, मूत्रपिंड व बस्ती यांतील खडे हे सर्व त्यात येतात. या विकारांचे निदान, प्रतिबंध किंवा उपचार यांसाठी अमुक औषध वापरा असे सुचविणारी जाहिरात करता येत नाही, मग औषध गुणकारी असो वा नसो. आमच्याकडील पाणी जड. मुतखड्याचे रुग्ण पुष्कळ आणि मुतखड्याच्या काढ्याच्या जाहिराती त्याहून अधिक. ग्राहकाने 'तुमच्या काढ्याने खडा पडला' असे लिहून पाठविलेले चार शब्द औषधनिर्मात्याने आपल्या पानावर कौतुकाने डकविले, तर शब्द ग्राहकाचे असले तरी प्रसिद्धी निर्मात्याची होते, हे या मित्रांनी ध्यानात घ्यावे.

नोंदणीकृत वैद्यास या कायद्यात एक सवलत आहे. आपल्या जागेवर, अमुक विकारांवर येथे उपचार केले जातात, अशी पाटी तो लावू शकतो. परंतु ती सवलत जागेवरील पाटीची आहे. त्याच पाटीचे छायाचित्र पैसे भरून पाच तालुक्यांतील फोनवर दाखविले, तर ती आपल्या दारावरची पाटी उरली असे म्हणणे अवघड आहे. माझे हे मत कायद्याच्या वाचनावरून बनलेले असून मी वकील नाही. शंका असल्यास जाणत्याचा सल्ला घ्यावा. वृत्तपत्रांच्या काळात हा प्रश्न क्वचितच उद्भवे, कारण जाहिरातीचा खर्च खेड्यातील वैद्याच्या आवाक्याबाहेर होता. आता एका दिवसाच्या चहापाण्याच्या पैशांत जाहिरात फिरविता येते, आणि म्हणूनच मोह होतो.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने नियम १७० ची हकीकत गुंतागुंतीची आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीस राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची पूर्वसंमती घेण्याची अट घालणारा हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रालयाने त्याखाली कारवाई करू नये असे राज्यांना कळविले. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळला गेला, २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी मूळ याचिका निकाली काढताना ती स्थगितीही संपली. नियम गेला म्हणजे सर्व मोकळे झाले, असा अर्थ काही विक्रेते काढतात. तो घातक आहे. १९५४ चा कायदा या नियमावर अवलंबून नव्हता. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहेच. त्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

ही याचिका इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध दाखल केली होती. तिचा निकाल कोणास रुचो न रुचो, जनसंपर्काच्या दृष्टीने एप्रिल २०२४ मधील एक प्रसंग अभ्यासण्याजोगा आहे. ६७ वृत्तपत्रांत क्षमायाचना छापल्याचे कंपनीने सांगितले, तेव्हा ती क्षमायाचना आकाराने मूळ जाहिरातींएवढी होती काय, असा प्रश्न न्यायालयाने केला. दाव्याचा आणि दुरुस्तीचा आवाज सारखा असावा, ही अपेक्षा फोनवर लिहिणाऱ्या आपणासही लागू आहे. एरंडेलाच्या प्रकारानंतर मी दुरुस्तीचा संदेश पाठविला खरा, पण मूळ संदेश जेथे गेला तेथे तो गेला असेल याची मला खात्री नाही.

प्रसिद्ध व्यक्ती व प्रभावक यांच्याविषयीही आता नियम आहेत. पैसे, भेटवस्तू किंवा मोफत माल घेऊन एखाद्या उत्पादनाविषयी बोलल्यास तसे स्पष्ट सांगावे, असे केंद्र शासनाच्या जानेवारी २०२३ च्या सूचना सांगतात. ऑगस्ट २०२३ च्या सूचनांनुसार आरोग्याविषयी बोलणाऱ्या पात्रताधारकाने आपली पात्रता उघड करावी आणि जो पात्रताधारक नाही त्याने आपला सल्ला वैद्यकीय सल्ल्याऐवजी समजू नये असे बजावावे. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिफारस करणारेही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस तितकेच जबाबदार असल्याचे म्हटले. पुण्यातील एखाद्या हुशार तरुणास चार हजार रुपये व चूर्णाचे सहा डबे देऊन 'तू काय ते बोल, आमचे नाव तेवढे घे' असे सांगणाऱ्या छोट्या रसशाळेने हे वाचून ठेवावे. तो तरुण काय बोलला हे आम्हास ठाऊक नव्हते, हा बचाव टिकण्यासारखा नाही.

विक्रेत्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. आम्लपित्तावर सूतशेखर घ्या, यकृतासाठी आरोग्यवर्धिनी घ्या, सर्दीतापावर त्रिभुवनकीर्ती घ्या, असे सांगणाऱ्या चित्रफिती पाहून लोक थेट दुकानात येतात. पारद, हिंगूळ, वत्सनाभ, धोत्रा असलेले हे कल्प आहेत. या द्रव्यांचा अंतर्भाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत असून अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावीत असा इशारा त्यांच्या वेष्टनावर असतो. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी तर अशी औषधे वैद्याची चिठ्ठी घेऊनच विकावीत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कळविलेले आहे. गल्ल्यावर बसलेल्या मनुष्याने फोन पुढे करणाऱ्या ग्राहकास 'कोणी सांगितले?' एवढा प्रश्न केला तरी पुष्कळ अनर्थ टळतात. त्या दिवशी एखादी डबी कमी खपेल, ही गोष्ट खरी आहे.

आपण काय करावे

वैद्याने समाजमाध्यमांपासून दूर राहावे, असा सल्ला काही ज्येष्ठ देतात. मला तो पटत नाही. आपण सोडलेली जागा रिकामी राहत नाही. त्या पांढऱ्या सदऱ्याने ती आधीच व्यापली आहे. मात्र तेथे जावयाचे ते रोगी मिळविण्यासाठी की रोग्याला शहाणे करण्यासाठी, हे आधी ठरवावे. नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक ठिकाणी स्पष्ट द्यावा, म्हणजे 'तुमच्यातलेच होते ना' या प्रश्नास पाहणाऱ्यापाशी निदान एक उत्तर राहील. औषधांऐवजी आहार, ऋतुचर्या, औषधीची ओळख, डॉक्टरांकडे केव्हा धावावे याची लक्षणे, हे विषय घ्यावेत. चालू असलेल्या गोळ्या बंद करू नका, हे वाक्य मधुमेह व रक्तदाब यांवरील प्रत्येक चित्रफितीत असावे. लांबलचक व्याख्यानापेक्षा एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि ती आपल्या भागाच्या बोलीत सांगावी. सुप्याच्या शेतकऱ्यास 'अनुपान' कळत नाही, 'कशाबरोबर घ्यायचं' हे कळते.

रुग्णांची छायाचित्रे आणि अनुभव यांबाबत अतिशय जपावे. त्वचाविकाराचे 'आधी' आणि 'नंतर'चे छायाचित्र रुग्णाने हौसेने काढू दिले, याचा अर्थ ते गावभर दाखविण्यास त्याने संमती दिली असा होत नाही. खेड्यात चेहरा झाकून उपयोग नसतो. लोक हातावरील गोंदणावरून माणूस ओळखतात. माझ्या परिचयाच्या इंदापूर तालुक्यातील एका वैद्यांविषयी कोणी तरी इंटरनेटच्या नकाशावर अत्यंत कडवट अभिप्राय लिहिला. वैद्य संतापले आणि त्या रुग्णाचा आजार, त्याने बुडविलेली पथ्ये व राहिलेली बाकी असा सर्व तपशील उत्तरादाखल लिहावयास बसले. त्यांच्या पत्नीने अडविले म्हणून बरे. पुढे असे निष्पन्न झाले की तो अभिप्राय त्याच नावाच्या दुसऱ्या दवाखान्याविषयी होता. अशा प्रसंगी 'आपण प्रत्यक्ष येऊन भेटावे, म्हणणे ऐकून घेऊ' इतकेच लिहावे. रुग्ण आपला होता की नव्हता, हेही सार्वजनिक ठिकाणी सांगू नये.

समाजमाध्यमे म्हणजे केवळ फोन, असेही समजण्याचे कारण नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी ही सामुदायिक नभोवाणी आहे. बोलणारा कोण हे अशा नभोवाणीवर श्रोत्यास कळते आणि चूक झाल्यास त्याच ठिकाणी दुरुस्ती करता येते. ग्रामसभा, शाळा, पालखीच्या वाटेवरील आरोग्यशिबिर हे जनसंपर्काचे जुने मार्ग अजून बंद पडलेले नाहीत.

त्या सूनबाई अधूनमधून बाजाराच्या दिवशी येतात. सासऱ्यांच्या गोळ्या चालू आहेत, जखम भरली आहे. नवी चित्रफीत फोनवर आली की त्या ती जपून ठेवतात आणि गर्दी ओसरेपर्यंत बाकावर थांबून मला दाखवितात. मागच्या खेपेस कारल्याच्या रसाची होती. मी ती पूर्ण पाहिली, त्यातील काय बरोबर आणि काय नाही ते सांगितले, आणि त्यांनी ती माझ्यासमोरच पुसून टाकली. या कामाला पंधरा मिनिटे लागली. त्याचे पैसे काय घ्यावेत, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.